बाबांचा जावई आणि आमची नदी

माझे बाबा माझ्या नवऱ्याशी पहिल्यांदा नीट बोलले ते नदीवरून. तोवर लग्नाला दोनेक वर्षं होऊन गेली होती.

आमचं गाव वसईच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या पलीकडे. तुंगारेश्वरच्या डोंगरातून एक लहानशी नदी उतरते, आमच्या घरामागून जाते आणि पुढे खाडीला मिळते. बाबांची शेती तिच्या काठावर. पावसाळ्यात भात, नंतर वांगी, वाल, मुळा, मेथी. मी एकुलती एक. शिकले, माणिकपूरला एका ऑफिसात नोकरीला लागले आणि तिथेच काम करणाऱ्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या मुलाशी लग्न ठरवलं. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. गोखिवऱ्यात एका नव्या बिल्डिंगमध्ये त्याने फ्लॅट घेतला होता. जात वेगळी, गाव वेगळं, बोली वेगळी. बाबा लग्नाला आले, मंडपाच्या कडेला खुर्ची टाकून बसले, जेवले आणि निघून गेले. त्यानंतर आम्ही दोघं घरी गेलो की ते त्याला "बसा" म्हणायचे आणि गोठ्याकडे जायचे. मला वाईट वाटायचं, पण त्याहून जास्त काही नाही. बाबा माझे आहेत, आज ना उद्या वळतील, अशी माझी खात्री होती.

ते वळले खरे. फक्त माझ्याकडे नाही.

नव्वदच्या दशकातले ते दिवस. आमच्या भागात ओळीने कारखान्यांचे गाळे उभे राहत होते. कुणाचं प्लास्टिकचं काम, कुणाचं रंगाचं, कुणाचं पत्र्याचं. बिल्डिंगांची तर रांगच लागली होती. सगळ्यांचं सांडपाणी नदीत. एखाद्या दिवशी पाणी निळं यायचं, एखाद्या दिवशी तांबडं. वर जलपर्णीचा जाड थर, त्यात अडकलेल्या पिशव्या. बाबांनी नदीकाठची भाजी बंद केली होती. विहिरीजवळच्या तुकड्यात जेवढं होईल तेवढं करायचे. नदीबद्दल ते बोलतच नसत. घरामागचं दार आईने बंदच ठेवलं होतं, वासामुळे.

एका रविवारी नवरा मला न्यायला आला. मी आईबरोबर आत होते. त्याने ते मागचं दार उघडलं आणि पायरीवर उभा राहिला. बाबा तिथेच विळ्याला धार लावत होते.

"हे पाणी येतं कुठून?" त्याने विचारलं.

बाबांनी मान वर केली नाही. विळा घासत म्हणाले, "डोंगरातून. दुसरं कुठून येनार?"

"वरतीही असंच आहे?"

"वर चांगलं हाय."

"मला बघायचंय."

आमच्याकडे माणच्या माणसांना पाण्याचं काय वेड असतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या गावची नदी म्हणजे वाळूचा पट्टा. वाहतं पाणी असून ते असं टाकून दिलेलं त्याला सहन होत नव्हतं. घरी तो मला अनेकदा हे बोलला होता, आणि मी "हो रे, काय करणार" म्हणून विषय सोडून दिला होता. बाबांनी मात्र विळा बाजूला ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चला."

दोघं गेले ते उन्हं कलल्यावर परतले. नवऱ्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातावर काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा असा, जणू कुणी त्याला मोठं काहीतरी दिलंय. बाबा त्याला सांगत होते की उगमाजवळ पूर्वी मोठ्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळायच्या. आईने ताटं वाढली. बाबा म्हणाले, "पहिलं त्याला वाढ. दमलाय."

मी त्याच्यापुढे ताट सरकवलं. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं आणि ते तेव्हापासून गेलं नाही.

मला उगम कधीच दाखवला नव्हता. लहानपणी मला घराच्या वरच्या अंगाच्या बंधाऱ्यापुढे जायची मुभा नव्हती. पावसाच्या सुरुवातीला मासे उलटे वर चढतात, आम्ही त्याला वळगण म्हणतो, तेव्हा बाबा माझ्या चुलतभावांना घेऊन जायचे. मी रडायची, पाय आपटायची. "पोरींनी पान्यात उतरायचं नाय," एवढंच उत्तर. भाऊ भिजून यायचे, मासे अंगणात ओतायचे आणि मी ते साफ करायला बसायची. नंतर मी मागायचंच सोडून दिलं. ही बाप्या माणसांची गोष्ट आहे अशी समजूत करून घेतली. आणि आता ज्याला पोहताही येत नव्हतं, तो उपरा माणूस एका दुपारात तिथे जाऊन आला.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. नवऱ्याने आमच्या बिल्डिंगमधले आणि आजूबाजूचे लोक जमवले. बाबांनी गावातले. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर पहिली बैठक झाली तेव्हा दोन्ही बाजूंची चांगलीच जुंपली.

"गाववाले गणपतीचं निर्माल्य कुठे टाकतात? नदीतच ना?" बिल्डिंगचे एक गृहस्थ म्हणाले.

"आनि तुमच्या संडासाचा पाइप कुठं जातो, सांगा की!" गावातून कुणीतरी ओरडलं.

लोक उठून जाऊ लागले. तेव्हा बाबा उभे राहिले. बाबा चारचौघांत बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. हात मागे बांधून, जमिनीकडे बघत ते म्हणाले, "आमीबी टाकली घान. तुमीबी टाकली. आता कोन काढनार ते बोला." मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्यो काढनार. मी काढनार. बाकीच्यांचं बघा."

माझं लक्ष त्या हातावर होतं. माझ्या खांद्यावर तो हात कधी पडल्याचं मला आठवत नव्हतं.

दर रविवारी काम सुरू झालं. भुईगावकडची काही माणसंही यायची. त्यांच्याकडची बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची जुनी तळी, भराव टाकून बुजवली जात होती. त्यातली काही त्यांनी उपसून वाचवली होती. जलपर्णी मुळासकट कशी ओढायची, गाळ कुठे टाकायचा, हे त्यांनी शिकवलं. माझा नवरा चिखलात कमरेपर्यंत उभा. बाबा काठावरून सांगायचे आणि मध्येच न राहवून स्वतःच उतरायचे. माझ्याकडे आणि आईकडे पोहे आणि चहा.

एकदा मी साडी खोचली आणि घमेलं उचललं. बाबांनी लांबूनच पाहिलं. "बाय, तू चहाचं बघ गं!"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. तो खाली वाकून फावडं मारत राहिला. घरी आल्यावर मी विचारलं, "तू काहीच कसं बोलला नाहीस?" घरात आम्ही अरे-तुरे करायचो, बाबांसमोर मात्र मी 'अहो' म्हणायची.

"काय बोलणार? त्यांचा मान राखायला नको?" तो म्हणाला. "आत्ता कुठे ते माझ्याशी बोलायला लागलेत."

त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग आला. तो बापाला मिळवत होता. मी तर त्यांची होतेच, मग माझी काय अडचण असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं.

बाबांची हाक बदलत गेली, तीही मी मोजत बसल्यासारखी ऐकत होते. आधी "अहो", मग "जावयबापू", मग नुसतं "पोरा". सणाला आम्ही गेलो की बाबा दारातच त्याला गाठायचे. "पोरा, वरच्या वळनाला कुनीतरी गोनी टाकल्यात, चल." मी पिशव्या घेऊन मागे उभी. आई हसायची. "बघ, तुझ्या बापाला सवंगडी गावला." मीही हसायची. हसताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पाणी बऱ्यापैकी स्वच्छ वाहू लागलं. दिवाळीच्या सुमाराला नदीच्या पायऱ्यांवर बायका पुन्हा कपडे धुवायला आल्या. बंधाऱ्याजवळ बगळे दिसले. आईने मागचं दार उघडं टाकलं. गावाने नदीला नारळ वाहायचं ठरवलं. बिल्डिंगवालेही आले, पोराबाळांसकट. नारळ बाबांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मना पोरगा नव्हता. ह्या नदीनं दिला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाकुणाचे डोळे भरून आले. नवऱ्याचे तर वाहूच लागले. मी दहा पावलांवर प्रसादाचं तबक धरून उभी होते. माझ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान गं तू! जावयाला असा जीव लावणारा बाप." मी मान हलवली. अंगाची आग आग होत होती. मनात एकच वाक्य फिरत होतं, मी होते ना. मी होतेच ना इथे.

स्थानिक पेपरात फोटो आला. त्यात दोघं नारळ धरून उभे आणि कडेला माझं कोपर. नवऱ्याने तो फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. मी रोज त्यावरची धूळ पुसायची.

मग डंपर आले. आई तापाने आजारी होती म्हणून मी रजा घेऊन माहेरी राहिले होते. बाबा भाजी घेऊन बाजाराला गेलेले, नवरा ऑफिसात. भर दुपारी पायऱ्यांवरच्या बायकांनी हाका मारल्या. बघते तर बंधाऱ्याच्या वर, काठाच्या जागेवर, एक डंपर मागे मागे येत होता. त्यात पाडलेल्या बांधकामाचा राडारोडा. एक गाडी तिथे आधीच रिकामी झाली होती, विटांचे तुकडे पार पाण्यापर्यंत गेले होते.

मी फारसा विचार केला नाही. अनवाणीच धावले आणि डंपरच्या मागे जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, हट जाओ ना. हमको जिधर बोला उधर खाली करने का."

"किसने बोला?"

"वो हमको क्या मालूम? सेठ लोग जाने."

"तो सेठ को बुलाओ. मैं इधरीच खडी है."

तोवर बायका धुणं टाकून आल्या. ओले हात, खोचलेली लुगडी. एकीने धोपटणं उगारलंच होतं. मागून आई आली, अंगावर शाल, ताप असताना. ती डंपरच्या चाकापाशी जाऊन खालीच बसली. ड्रायव्हर आईकडे बघून शेजारच्या क्लीनरशी काहीतरी बोलला आणि भरलेला डंपर तसाच घेऊन गेला. आम्ही सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसत सुटलो. आयुष्यात इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

संध्याकाळी बाबा आले. बायकांनी त्यांना वाटेतच सगळं सांगितलं होतं. ते आत आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "लागलं असतं म्हंजे? बायामानसांनी कशाला मधी पडायचं?" आणि फोनकडे गेले. माझ्या नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. "पोरा, आज डंपर आलेले. आता काय करायचं ते तू सांग."

पुढच्या रविवारच्या बैठकीत नवऱ्याने उभं राहून सांगितलं, की डंपर आमच्या हिने आणि गावातल्या बायकांनी अडवला. त्याने ते अभिमानाने, मनापासून सांगितलं. त्यावर बिल्डिंगचे तेच गृहस्थ म्हणाले, "वा, साहेब! बायकोला काय तयार केलंय तुम्ही!" आणि टाळ्या पडल्या. नवऱ्याला! बाबाही टाळ्या वाजवत होते.

मी तिथून उठून घरी चालत गेले.

पुढची काही वर्षं नदी तशी ठीक राहिली. गाळेवाल्यांशी बोलणी, अर्ज, तक्रारी, पुन्हा साफसफाई, असं चालूच होतं. काठावर करंज आणि भेंडीची झाडं लावली ती वाढली. मग नवऱ्याची बदली नागपूरला झाली, मी नोकरीसाठी इथेच राहिले, आणि त्याच सुमाराला बाबांची छाती भरू लागली. चालताना धाप लागायची. दिवसभर मागच्या पायरीवर बसून विचारायचे, "कधी येतो गं तो?"

"सुट्टी मिळाली की येईल."

"त्याला दाखवायचं ऱ्हायलं."

शेवटी मी म्हटलं, मला दाखवा. माझ्या सांगण्याने नाही, पण वाट बघून कंटाळले म्हणून ते तयार झाले. रिक्षाने बंधाऱ्यापर्यंत गेलो, पुढे थोडं मला धरून चालले. एका मोठ्या उंबराखाली थांबले. मुळांपाशी दगडांची खाच होती, पाला साचलेला.

"हितं झरा हाय," ते म्हणाले. "आत दाबलाय. पाला काढत ऱ्हायलं तर मे महिन्यातबी पानी येतं. त्याला सांग."

"मला सांगा ना, बाबा."

"तुलाच तं सांगतो."

"नाही. त्याला सांग म्हणून सांगताय."

बाबांना खरंच कळलं नव्हतं. "तुला कशाला लागतं ते?"

"मी इथली आहे."

बाबांना हसू आलं, हसताना खोकला आला. मी पाठीवरून हात फिरवला. जरा शांत झाल्यावर ते म्हणाले, "तू हितलीच हायस गं, बाय. हितल्याला काय दाखवायचं? परक्याला दाखवाय लागतं."

उत्तर चांगलं होतं. बहुतेक खरंही होतं. पण मला ते पुरलं नाही. मी इथली होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. तो परका होता आणि त्याला सगळं माहीत होतं. हा हिशेब बाबांच्या लक्षात येणार नव्हता. मी पाला काढला, हात आत घातला. बोटांना गार लागलं.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. नवरा निरोप मिळताच निघाला होता, पोचला तेव्हा बाबांना अंगणात ठेवलं होतं. तो त्यांच्या पायांवर पडून असा रडला की सगळं गाव त्याच्याभोवती जमा झालं. कुणी पाठीवर हात ठेवतंय, कुणी पाणी देतंय. बाबांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, अग्नी जावयाने द्यायचा. त्याने दिला. मी बायकांबरोबर वळणापर्यंत गेले आणि तिथून परतले. माझ्या डोळ्यांत एक टिपूसही नव्हतं, आणि लोक म्हणत होते, पोरगी मनाची घट्ट आहे.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. मी भांडी आवरत होते. नवरा म्हणाला, "मला अजून खरंच वाटत नाही. माझा बाप दुसऱ्यांदा गेला."

हातातलं पातेलं मी आपटलं. "तो माझा बाप होता!"

त्याने वाकून पातेलं उचललं.

"तुझा एकदाच गेला. हा माझा होता. आणि तू आलास नि तुला सगळं मिळालं. नदी मिळाली, उगम मिळाला, खांद्यावर हात मिळाला. अग्नीही तूच दिलास. मला काय ठेवलंस?"

"मी काही हिसकावून नाही घेतलं," तो हळू आवाजात म्हणाला. "ते देत होते. मला नाही म्हणता आलं नाही."

"माहितेय मला."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

बापाचं प्रेम नवऱ्याकडे कसं मागायचं? आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मी पन नाय गेली कधी उगमाला. एवढी वर्षं हितं काढली."

आठवड्याभराने आम्ही मायलेकी सकाळी निघालो. नवरा वाट दाखवायला येतो म्हणाला, मी नको म्हटलं. वाटेत लाकडं तोडायला आलेल्या बायकांना विचारत विचारत चढलो. आई मध्ये मध्ये बसायची, पदराने वारा घ्यायची, पुन्हा उठायची. उगम म्हणजे एक शेवाळलेला कातळ, त्याच्या भेगेतून पाझरणारं पाणी आणि खाली वीतभर खळगा. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल.

"एवढंसंच?" आई म्हणाली. मग तिने ओंजळ भरली, प्यायली, आणि मला हसू येईपर्यंत स्वतःच हसत राहिली.

त्यानंतर मी रविवारी चहा करणं बंद केलं. पायऱ्यांपासून उंबरापर्यंतचा पट्टा मी आणि गावातल्या बायका बघतो. तो बाबांच्या शेतालगतच सुरू होतो. बिल्डिंगच्या बाजूला आता सिमेंटची भिंत झाली आहे, तिथे नदी गटारासारखीच दिसते. पावसाळ्यानंतर अजूनही पिशव्या येतात, आणि एखाद्या सकाळी पाण्याला रंगही येतो. आम्ही तक्रार करतो, काढतो, पुन्हा करतो. नवरा नागपूरहून कायमचा परतल्यावर झऱ्याचं मी त्याला सांगितलं, थोडं उशिराने. तो पाला काढायला येतो, मला विचारून.

हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. कुणी नवीन माणसं नदी बघायला आली की नवरा पुढे होतो आणि सुरू करतो, "आमचे बाबा सांगायचे..." त्या वरच्या वळणावर बाबा तरुणपणी पुरात कसे अडकले होते, जांभळीच्या फांदीला धरून दुपारभर कसे लटकले, आणि खाली उतरल्यावर आजीने त्यांना आधी मारलं आणि मग जेवायला वाढलं. मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. चिखलातून वर चालताना बाबा त्यालाच सांगत असणार. अजूनही माझ्या आत काहीतरी जळतं. पण हातातलं काम थांबवून मी जवळ जाते आणि ऐकते, कारण बाबांच्या या गोष्टी फक्त त्याच्याजवळ आहेत, आणि तो दर वेळी एखादी नवी सांगतो.